मामाची फुंकर

३ मार्च

चि. फुंक्यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण एकच आहे, पण ते शेवटी सांगेन. आधी बोलणी खा. तुझं मागचं पत्र चार ओळींचं होतं आणि त्यातल्या दोन हवेबद्दल होत्या. नौदलात एवढा मोठा अधिकारी झालास, तरी ताईला पत्र लिहायचं म्हटलं की तुला शाळेतला निबंध आठवतो वाटतं. तुझं काम गुप्त आहे, मान्य. पण जेवतोस काय, झोपतोस कुठे, पाठ दुखायची थांबली का, हेसुद्धा शत्रूला कळू द्यायचं नाही का?

इकडे औषधांचं दुकान चालू आहे. हे गेल्यापासून मापं, पुड्या, लेबलं सगळं माझ्याच गळ्यात. बाटल्यांचा तुटवडा असल्यामुळे मी गिऱ्हाइकांना रिकामी बाटली आणल्याशिवाय खोकल्याचं औषध देत नाही, त्यावरून अख्ख्या गल्लीत माझं नाव झालं आहे. असू दे.

आपला भोवऱ्या समुद्राजवळच्या छावणीत आहे. दिवसभर सपाट तळाच्या होड्यांतून कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारायच्या आणि बंदूक डोक्यावर धरून किनाऱ्याकडे पळायचं, हाच उद्योग. बूट कधी वाळतच नाहीत, पायांच्या बोटांत शेवाळ उगवेल, असं त्याने लिहिलंय. लहानपणी एका जागी बसत नव्हता म्हणून भोवऱ्या नाव ठेवलं, आता सरकारच त्याला गरगर फिरवतंय. मी पावडर पाठवली आहे.

आता कारण. तोफखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा खोकल्याच्या औषधासाठी येतात. औषध घेतात आणि तासभर बोलतात. परवा म्हणाले, लढाईत आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच पोरांवर पडतात, हे लोकांना ठाऊक नसतं. नळ्या झिजल्या की गोळा आखूड, म्हणजे अलीकडेच पडतो. त्यांनी स्वतः पाहिलं आहे. फुंक्या, मी काही दूधखुळी नाही. तू तोफांचे हिशेब करणारा, तो होडीतून उतरायला शिकणारा. तुमची गाठ पडणार हे मला कळतं. कुठे आणि कधी ते विचारत नाही.

माझं मागणं एवढंच की तुझ्या तोफांचा एकही गोळा माझ्या पोरावर पडता कामा नये. शत्रूने मारलं तर मी निदान त्याला शिव्या देईन. आपल्याच माणसांनी मारलं तर कुणाच्या नावाने रडू? वेळेत थांबव त्या तोफा. जरा आधीच थांबव. तू सुट्टीवर आलास की त्याचं दूध साय धरेपर्यंत फुंकत बसायचास, तो भूक लागली म्हणून थयथयाट करायचा आणि मी तुला हसायचे. तुझं नावही त्यावरूनच पडलं. आता हसणार नाही. घाल हवी तेवढी फुंकर.

बाकी क्षेम. ताईवर किती लोभ आहे ते पुढच्या पत्राच्या लांबीवरून ठरवीन.

तुझी ताई


१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लांब लिहितो आहे, वीत लावून बघ. जेवण बरं आहे, पाठ दुखते, झोप कमी.

आमचं कार्यालय मुलींच्या एका रिकाम्या केलेल्या शाळेत आहे. माझ्या वाट्याला आलेलं बाक चौथीतल्या मुलीच्या मापाचं आहे, गुडघे छातीशी येतात. फळ्यावर कुणा मुलीने ‘बोलणाऱ्यांची नावे’ असं लिहून खाली रेघ मारली होती. सगळा फळा आम्ही पुसला, तेवढं मात्र राहू दिलं. आमच्या साहेबांना ते फार आवडतं. त्यामुळे कामाबद्दल जास्त लिहिलं तर तिथे पहिलं नाव माझं लागेल.

एवढं सांगायला हरकत नाही की मी रोज भांडतो. पायदळाचे एक कर्नल आमच्याकडे बसायला आहेत. आवाज बारीक, हट्ट मोठा. एक गोष्ट त्यांना लहान हवी आहे आणि मला मोठी. त्यांच्या मते आम्ही नौदलवाले नको तितकी काळजी करतो. मी त्यांच्यासमोर झिजलेल्या नळ्यांचे आकडे मांडतो. ते म्हणतात, आकडे तुमचे, माणसं माझी. मग मी दुसऱ्या दिवशी आणखी आकडे आणतो.

तुझं पत्र सदऱ्याच्या खिशात आहे. बैठकीला जाताना वरून हात लावून बघतो. आकडे खोटे नाहीत, ताई. पण खरं सांगायचं तर ते मधोमध उभे असतात, माणूस ढकलेल तिकडे जातात. मी ढकलतो आहे. मला वाटतं, जमेल.

भोवऱ्याला माझ्याबद्दल काही लिहू नकोस. दुकानाचा दरवाजा बुटका आहे, तो सुट्टीवर आला की त्याच्या कपाळाला टेंगूळ येतं, ती चौकट एकदा सुताराला दाखव.

तुझ्या बोलण्यांची सवय झाली आहे, त्यात खंड पडू नये.

तुझा भाऊ


६ एप्रिल

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

छावणीभोवती आता काटेरी तार लावली आहे. आत यायला मिळतं, बाहेर जायला नाही. पत्रं गोळा करतात पण कधी पाठवणार ते सांगत नाहीत. हे तुम्हाला वेळेत मिळालं तर नशीब, नाहीतर आपण भेटल्यावर सोबत वाचू.

परवा सरावात खऱ्या तोफा लावल्या होत्या. गोळे डोक्यावरून जाताना असा आवाज होतो की कुणीतरी भरलेलं कपाट फरशीवरून ओढतंय. पहिल्यांदा आम्ही सगळे होडीच्या तळाशी, एकमेकांच्या अंगावर. मग हळूहळू आवडायला लागलं. कारण जोवर तोफा चालू आहेत तोवर समोरचा डोकं वर काढत नाही. आमचे हवालदार म्हणतात, आवाजाला भिऊ नका रे, आवाज थांबला की मग भ्या. आमच्यातल्या एकाच्या खांद्याला आपल्याच गोळ्याची ठिकरी लागली. पट्टी बांधून परत आला आणि म्हणाला, चालेल, पण बंद नका करू.

तुम्ही कुठे आहात मला माहीत नाही. पण तोफा म्हटल्या की तिथे तुम्ही असणारच, कागद घेऊन, भुवया चढवून. आणि आईने तुम्हाला काहीतरी गळ घातली असणार, हेही नक्की. मी तिच्या पोटचा आहे, मला माहीत नाही होय? मामा, तिचं ऐकू नका. शेवटपर्यंत दणका चालू ठेवा. आमच्या अंगावर चार खडे उडाले तर उडू देत. दूध गरमच द्या, जीभ भाजली तर भाजली.

माझ्याबरोबर एक सुताराचा मुलगा आहे. घरी आलो की दुकानाची चौकट वर घ्यायची असं त्याच्याशी ठरलं आहे. आईला आत्ताच सांगू नका, खर्चावरून ओरडेल.

माझ्यावरची माया अशीच असू द्या, पण थोडी कमी गार करून.

तुमचा भोवऱ्या


१३ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आता सगळं वर्तमानपत्रांनीच छापलं आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. काल पहाटे आपली माणसं उतरली. किनारा आपल्या हातात आहे.

मी मागे, मोठ्या जहाजावर होतो. गेले कित्येक महिने शाळेत टेबलटेनिसच्या टेबलावर आम्ही प्लॅस्टरचा किनारा मांडून बसलो होतो. कुठल्या जहाजाने कुठल्या टेकडीवर, कुठल्या भिंतीवर मारा करायचा, कधी पुढे सरकायचं, सगळं त्यावर वाटून दिलेलं. काल तोच किनारा दुर्बिणीतून खरा दिसला आणि माझ्याच कागदाप्रमाणे एकेक ठिकाण धुरात गेलं. मला भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही खरं.

आणि ताई, तुझं मागणं पुरं केलं. शेवटचा गोळा आणि पहिली होडी काठाला लागणं, यांच्यात थोडा वेळ मोकळा ठेवावा लागतो, आपले गोळे आपल्यांवर पडू नयेत म्हणून. कर्नलशी भांडण होतं ते यावरून. त्यांना हवा होता त्याच्या दुप्पट मी मिळवला. तोफा ठरल्या क्षणी थांबल्या. एकही गोळा आखूड पडला नाही, मी स्वतः विचारून घेतलं. आपल्या तोफांमुळे आपल्या एकाही पोराला ओरखडा आला नाही, हे तुझ्या त्या आजोबांना माझ्या नावाने ठणकावून सांग.

नुकसान वाटलं होतं त्यापेक्षा जास्त झालं असं कानावर येतंय, पण पहिल्या दिवशी बातम्या नेहमीच उलटसुलट असतात. भोवऱ्या या क्षणी बुटातली वाळू झाडत असेल. त्याचं पत्र आलं की मला लगेच कळव.

आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. कौतुक करायचं असेल तर हीच वेळ आहे, संकोच नको.

तुझा फुंक्या


१७ एप्रिल

चि. भावास,

भोवऱ्या गेला. किनाऱ्यावर, पहिल्याच सकाळी. तारेत एवढंच आहे.

तार आली तेव्हा मी एका बाईंना औषध ओतून देत होते. ते पुरं ओतलं, बूच लावलं, लेबल चिकटवलं, मग तार फोडली. बाईंनी मला धरून बसवलं.

तुझं पत्र नाही. तुला कळलंय की नाही तेही ठाऊक नाही. तू ये.

ताई


२२ मे

चि. भावास,

तू आलास, दोन दिवस राहिलास, फळीवरच्या सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्यास आणि गेलास. बोलला नाहीस. तुझं १३ एप्रिलचं पत्र तू येण्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. मी ते काढलं नाही, तूही विचारलं नाहीस. मला वाटलं, दुःखाने गप्प आहे. तुला खरं सांगते, त्या पत्राचा मला आधारच होता. गेला, पण आपल्या हातून गेला नाही, असं मी मनाला समजावत होते.

काल एक मुलगा कुबडी घेऊन दुकानात आला. दारातून आत येताना नीट वाकला. नवखा माणूस इथे कपाळ आपटल्याशिवाय येत नाही, म्हणून मी बघतच राहिले. तो म्हणाला, भोवऱ्याने सांगितलं होतं वाकून जा म्हणून. सुताराचा मुलगा आहे म्हणे. एकाच होडीत होते दोघं.

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि सगळं विचारलं. सांगायला तयार नव्हता, मी सोडलं नाही. म्हणाला, तोफा चालू होत्या तोवर किनारा नुसता धूर होता, ते होडीत गाणं म्हणत होते. मग तोफा थांबल्या. काठ अजून लांब होता. इतकं शांत झालं की होडीच्या इंजिनाचा आवाज नको इतका मोठा वाटायला लागला. भोवऱ्याने मान वर करून विचारलं, आत्ताच का थांबले? कुणाला ठाऊक नव्हतं. धूर विरायला लागला आणि समोरची माणसं खंदकातून बाहेर येताना दिसली. अंगावरची माती झटकत होती. एकाने मशीनगनवरचं फडकं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं. त्यांना घाई नव्हती, असं तो पोरगा दोनदा म्हणाला. होडी काठाला लागली, पुढची फळी खाली पडली. भोवऱ्या सगळ्यांत पुढे होता. एका जागी उभा राहायला तो कधी शिकला होता?

मी त्या मुलासमोर ओरडले. कुठल्या मेल्याने तोफा बंद केल्या म्हणून विचारलं. तो बिचारा म्हणाला, वरच्या साहेबांनी ठरवलेलं असतं. तो गेल्यावर तुझं पत्र पुन्हा काढलं. दुप्पट, असं लिहिलं आहेस तू. केवढ्या आनंदाने लिहिलं आहेस.

मला तुझा राग आला आहे. तुझा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात पालथा ठेवला आहे. खंदकातून बाहेर यायला, माती झटकायला, फडक्याची घडी घालायला त्यांना जो वेळ मिळाला, तो तूच दिलास का? हो की नाही, तेवढं लिही. लोभाचं मग बघू.

ताई


४ जून

ती. ताईस,

हो.

मी तुझ्याकडे आलो तेव्हा मला ते ठाऊक होतं. अहवाल आले होते, त्यांत सगळ्या होड्यांचं हेच लिहिलं होतं. बाटल्या लावत बसलो कारण तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर पडलं असतं, आणि तुझ्या घरात तेव्हा तेवढी जागा नव्हती. हा भित्रेपणा होता. लहानपणी तू मला भित्रा म्हणायचीस ते बरोबर होतं.

तुझ्या पत्राचा यात काही दोष नाही. ते मनातून काढून टाक. आकडे माझ्या हातात होते, ढकलले मी. कर्नल सांगत होते की त्यांच्या माणसांना आपले दोन-चार गोळे परवडतील पण शांतता परवडणार नाही. मी त्यांना निष्ठुर समजलो. ते स्वतः दुसऱ्या फेरीच्या होडीत होते, हे मला नंतर कळलं.

सोबत भोवऱ्याचं पत्र आहे. तुझ्याकडून परतलो तेव्हा माझ्या बाकावर पडलं होतं. उतरण्याआधी लिहिलेलं, छावणीच्या पोत्यात अडकून राहिलेलं. पाठवू नये असं फार वाटलं. पण ते तुझ्या पोराचं अक्षर आहे, त्यावर माझा हक्क नाही. बसून वाच. दुकान बंद करून वाच.

कर्नल परत आले आहेत. एक हात गळ्यात बांधलेला आहे. मला वाटलं होतं, ते सगळ्यांसमोर माझी सालटी काढतील. ते काही बोलले नाहीत. टोपी खुंटीला लावली आणि टेबलावर नवा नकाशा पसरला. दुसरा किनारा आहे. तो मोकळा वेळ किती ठेवायचा, ती जागा कोरी सोडून पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मला ती उचलता आली नाही. भांडारात बदली मागणारा अर्ज लिहून ठेवला आहे, उद्या देईन. चादरी आणि गाद्या मोजीन. कुणाच्या पोराचा वेळ यापुढे माझ्या हातात नको.

क्षमा मागत नाही, मागायची लाज वाटते. एवढं सांगतो की रोज आंघोळीला गरम पाणी काढलं की मी ते गार व्हायची वाट बघत उभा असतो, आणि मग तसाच बाहेर येतो.

तुझा भाऊ


१३ जून

चि. फुंक्यास आशीर्वाद. आज ‘अनेक’ लिहवत नाही. पण एक आहे, आणि तो खरा आहे.

दुकान बंद करून वाचलं. ‘थोडी कमी गार करून’ असं लिहिलंय मेल्याने, तिथे मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते संध्याकाळपर्यंत थांबेना. शेजारच्या बाई येऊन बसल्या. चौकटीचं मला माहीतच नव्हतं. मी खर्चावरून ओरडले असते, तेही बरोबर ओळखलं त्याने.

‘तिचं ऐकू नका’ असं लिहिलं त्याने. फुंक्या, जन्मापासून तू माझं कधी ऐकलं नाहीस. झाडावर चढू नको म्हटलं तर चढलास, नौदलात जाऊ नको म्हटलं तर गेलास. ऐकलंस ते नेमकं हे एक. माझ्या पत्राचा दोष नाही म्हणून मला वाचवू नकोस. मागितलं मी, दिलंस तू. मी मागितलं नसतं तर तू आकडे ढकलले असतेस का? उत्तर लिहू नकोस, मला ठाऊक आहे. माझा राग गेलेला नाही. पण आता तो तुझ्या एकट्यावर नाही, त्यामुळे त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

दुकानात आया येतात. औषध कडू लागतं, पोर रडतं, म्हणून अर्धाच डोस पाजतात आणि ताप उतरला नाही म्हणून माझ्याशी भांडायला येतात. मी त्यांना फाडफाड बोलते. इतकी वर्षं बोलत आले. आणि माझी वेळ आली तेव्हा मीही अर्धाच डोस मागितला.

आता तुझ्या अर्जाचं. तो फाडून टाक. चादरी मोजायला दुसरी शंभर माणसं मिळतील. त्या नकाशासमोर तुझ्या जागी जो बसेल त्यालाही कुठेतरी बहीण असेल, तीही असंच पत्र लिहील, त्याच्याही सदऱ्याला खिसा असेल. त्याला हे शिकायला आणखी एक होडीभर पोरं लागतील. तू शिकला आहेस. आमच्या भोवऱ्याच्या किमतीत शिकला आहेस, ते गाद्यांखाली पुरायला मी देणार नाही. कर्नल काही न बोलता पेन्सिल सरकवतात त्याचा अर्थ मला इथे बसून कळतो, तुला तिथे बसून कळू नये?

सुताराचा मुलगा पुन्हा आला होता. चौकट वर घेऊन देतो म्हणाला, पैसे नकोत म्हणाला. मी हो म्हटलं. तुझा फोटो परत लावला आहे, थोडा तिरका बसला आहे, आलास की सरळ कर.

आता बस आणि पेन्सिल उचल. होड्या अगदी काठाला टेकेपर्यंत तोफा थांबवू नकोस. कुणाच्या आईचं पत्र आलं तर वाच, खिशात ठेव, आणि तिचं ऐकू नकोस. माझंही पुन्हा कधी ऐकू नकोस, एवढं मात्र ऐक.

दूध गरमच दे.

तुझी ताई